ओळंब्याबाहेरचे जोडपे

माझी धाकटी बहीण दर रविवारी सकाळी मेलेल्या माणसांची ओळख करून देते. हे ऐकून नवखी माणसे दचकतात, म्हणून आधी खुलासा करतो.

आमच्या शहराच्या ऐन मध्यात एक जुनी दफनभूमी आहे. तिथे आता कोणाला पुरत नाहीत, कारण जागाच शिल्लक नाही. भोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत, पुढे करकरणारे लोखंडी फाटक, आत दोन माणसे खेटून चालतील एवढ्या पायवाटा आणि त्यांच्या कडेने नाना घाटांच्या स्मृतिशिला. बहीण शाळेत इतिहास शिकवत असे. निवृत्त झाल्यावर तिने आधी स्वतःच्या घरातली कपाटे आवरली, मग आमच्याकडे येऊन आमची आवरली. माझ्या बायकोला तिच्याच स्वयंपाकघरात साखर सापडेनाशी झाली, तेव्हा तिने हात जोडले.

"वन्सं, तुमच्या शिस्तीला हे घर पुरायचं नाही. जरा मोठी जागा बघा."

बहिणीने दफनभूमी पाहिली.

तेव्हापासून तिची फेरी सुरू आहे. घड्याळजीच्या शिळेवर कोरलेले काटे, दंतवैद्याच्या शिळेवरची एकेक करून गळालेली अक्षरे, तीन बायकांच्या मध्ये दाटीवाटीने झोपलेला एक व्यापारी, अशी ती सगळ्यांची गाठ घालून देते. कोणी हसू दाबू लागले तर म्हणते, "हसा हो मोकळेपणी. आजवर यांच्यापैकी एकानेही तक्रार केलेली नाही."

फेरीचा शेवट मात्र ठरलेला. मागच्या भिंतीपाशी, झाडाच्या सावलीत, दोन शिळा आहेत. दोन्ही एकाच दगडाच्या आणि एकाच उंचीच्या, पण पाये वेगवेगळे. दोघी एकमेकींकडे कललेल्या आणि वरच्या टोकाला एकमेकींना टेकलेल्या. गुजगोष्टी करताना दोन डोकी जुळावीत तशा. त्यांवरची नावे पार झिजून गेली आहेत.

"नवराबायको," बहीण सांगायची. "त्याला ऐकू कमी यायचं आणि तिचा आवाज बारीक. जन्मभर असंच बोलले, आता सवय मोडवत नाही."

या ठिकाणी लोक हमखास उसासा सोडतात. नव्याने लग्न झालेली जोडपी समोर उभी राहून, डोक्याला डोके लावून फोटो काढून घेतात. मी तांत्रिक महाविद्यालयात स्थापत्य शिकलो आणि पुढे उभी नोकरी इमारतींचे पाये तपासण्यात घालवली. मला उसासा येत नसे.

"पुरावा काय?" मी एकदा जेवताना विचारले.

"दादा, डोळ्यांना दिसतंय ना? झुकलेत एकमेकांकडे."

"झुकलेले नाहीत. खालचा पाया खचलाय. दगड प्रेमात पडत नाही, जमिनीवर पडतो."

"वहिनीला मागणी घालतानाही असंच बोलला होतास का रे?"

"त्याहून वाईट," बायको ताटात आमटी वाढता वाढता म्हणाली. "तेव्हा हे काहीच बोलले नव्हते."

असे आमचे हसतखेळत चालले होते. पण शहराच्या कचेरीत या जागेविषयी दोन प्रस्ताव एकाच वेळी पुढे सरकत होते. एक, दफनभूमीचे नाव वारसा यादीत घालावे, म्हणजे भिंतीच्या आतल्या कशालाही कोणी धक्का लावणार नाही. दुसरा, मागचा अर्धा भाग मोकळा करून तिथे वाहने उभी करण्याची सोय करावी आणि शिळा गोदामात हलवाव्यात. यादीसाठीचा अर्ज बहिणीने केला होता. अर्जाच्या पहिल्याच पानावर त्या दोन शिळांचे छायाचित्र होते आणि गोदामात जाणाऱ्या शिळांतही पहिल्या त्याच होत्या. ती तोंडाने काही बोलत नसे. पण काळजीत असली की ती कपाटे आवरते, आणि त्या दिवसांत आमची साखर पुन्हा हरवू लागली.

वारसा समितीने एक अट घातली. कललेल्या शिळा पाहायला येणाऱ्यांच्या अंगावर कोसळणार नाहीत, असे जाणकाराचे प्रमाणपत्र हवे. आणि पाया पक्का करायचा तर शिळांच्या मूळ स्थितीत तसूभरही बदल होता कामा नये. जाणकार घरातच होता.

मी ओळंबा घेऊन कामाला लागलो. दोरीला बांधलेले ते टोकदार वजन मोकळे सोडले की सरळ खाली बोट दाखवते. भिंत, खांब, शिळा यांपैकी कोण किती कलले आहे, हे त्याच्याइतके स्पष्ट कोणी सांगत नाही. मी दर महिन्याला शिळांच्या माथ्यावरून ओळंबा सोडून कल मोजला. वर्ष सरले, पण मापात फरक पडला नाही. खचणाऱ्या पायाचे माप बदलायला हवे, म्हणून मी ओळंब्यावर संशय घेतला आणि नवा विकत आणला. नव्यानेही तेच सांगितले. मग मी निष्कर्ष काढला की शिळा खचत खचत एकमेकींना टेकल्या आणि तिथेच अडल्या. प्रमाणपत्रात लिहिले: कलण्याचे कारण, पाया खचणे. उपाय, एकेक शिळा उचलून पायातल्या पोकळ्या चुन्याने भरणे आणि शिळा पुन्हा आहे तशाच कललेल्या बसवणे.

या कामासाठी मी माझ्या जुन्या ओळखीच्या गवंड्याला बोलावले. दगडाच्या कामात त्याचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्याच्यात दोष म्हणावा तर एकच: त्याला वाकडे पाहवत नाही. आमच्या घरी आला की चपला काढायच्या आधी भिंतीवरचे घड्याळ सरळ करतो. एकदा कोणाच्या तरी लग्नात त्याने व्यासपीठावर चढून नवरदेवाचा फेटा सरळ केला होता.

"आहे तसंच ठेवायचं," मी त्याला दोन्ही तळहात एकमेकांवर कलते टेकवून दाखवले. "समजलं?"

"समजलं की, साहेब. एवढं काय त्यात?"

"समजलं त्यांना," गवंड्याचा मेव्हणा दूरवरून म्हणाला. तो साखळीची कप्पी ओढायला आला होता आणि दिवसाकाठी एखादेच वाक्य बोलत असे.

मी निर्धास्त झालो. प्रमाणपत्र दाखल करायला बहीण आणि मी कचेरीत गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बरं झालं आणलात. समितीच्या बाई उद्या सकाळीच येतायत जागा बघायला. पुढच्या आठवड्यातला दौरा अलीकडे घेतलाय."

बहिणीने माझा दंड घट्ट धरला. परतताना ती वाटभर बोलत होती: आधी घड्याळजी दाखवायचा, मग दंतवैद्य, आणि शेवटी जोडपे, ऊन पानांतून उतरत असताना.

फाटकातून आत शिरून आम्ही मागच्या भिंतीपाशी पोहोचलो आणि दोघेही थबकलो. दोन्ही शिळा ताठ उभ्या होत्या. कवायतीच्या मैदानावर सावधान म्हटल्यावर दोन शिपाई उभे राहतात तशा. मध्ये चांगली हात घालता येईल एवढी फट. बाजूला गवंडी, हातात ओळंबा, चेहरा उजळलेला.

"बघा साहेब! केसाचा फरक काढून दाखवा."

 बहीण जवळच्या कट्ट्यावर बसली.

"दादा," ती अगदी शांतपणे म्हणाली, "यांचा काडीमोड कोणी केला?"

"आहे तसं ठेवायला सांगितलं होतं मी!" माझा आवाज चढला.

"ठेवणारच होतो हो," गवंड्याच्या चेहऱ्यावरचा उजेड आता मंदावू लागला. "पण शिळा उचलली आणि खाली बघतो तर काय! बैठकच तिरकी. कुणातरी शिकाऊ पोरानं घडवलेली. मला राहवेना. दगडाच्या चिपा घातल्या, वर चुना भरला, आणि केलं सरळ. त्यात मी काय वाईट केलं?"

"मी म्हणत होतो, दाजी, नको," मेव्हणा म्हणाला.

"तू गप्प बस. दिवसभर दगडासारखा उभा होतास, आता बोलतोय."

बहीण उठली. "उद्या सकाळी बाई येतायत. अर्जाच्या पहिल्या पानावर यांचा फोटो आहे, डोक्याला डोकं लावलेला. अट एकच होती. मूळ स्थितीत बदल नको."

गवंडी आता पुरता खाली बसला. त्याने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. पण माझ्या मनात त्याचाच एक शब्द अडकून राहिला होता.

"बैठक तिरकी म्हणालास. म्हणजे पाया खचलेला, असंच ना?"

"खचलेला कसा असेल, साहेब? पाया तर पाणसळीत आहे. मी लावून बघितली."

पाणसळ म्हणजे पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा मधोमध थांबला की पृष्ठभाग सपाट. मी गुडघे टेकले, शिळेच्या बुडाशी उघड्या राहिलेल्या पायाच्या कडेवर पट्टी ठेवली. बुडबुडा ऐन मध्ये जाऊन बसला. दुसऱ्या पायावर ठेवली. तिथेही मध्ये. या पायांनी इतक्या वर्षांत जागा सोडली नव्हती.

"चिपा काढा," मी म्हणालो. "एका शिळेखालच्या. चुना अजून ओला आहे."

कप्पी टांगायची तीन वाशांची तिपाई पुन्हा उभी राहिली, मेव्हण्याने साखळी ओढली, शिळा वर उचलली गेली. गवंड्याने चिपा काढल्या, ओला चुना खरवडला आणि फडक्याने खालचा दगड पुसला. सपाट पायाच्या वरच्या अंगाला शिळेची बैठक कोरलेली होती. एका कडेला खोल, दुसऱ्या कडेला उथळ. छिन्नीचे घाव बारीक, एकासारखे एक, ओळीने पडलेले. शिकाऊ हाताचे घाव असे पडत नाहीत. मग आम्ही दुसऱ्या शिळेखालचा ओला चुना बाजूने खरवडून तिची बैठक बोटांनी चाचपली. तोच उतार, फक्त उलट दिशेला.

"सलामी आहे ही," मी म्हणालो. धरणाच्या भिंतीला मुद्दाम जो उतार देतात, त्याला आम्ही सलामी म्हणतो. "खचणं नाही आणि चूकही नाही. या शिळा घडवणाऱ्यानंच एकमेकींकडे कलत्या बसवल्यात."

वर्षभर माप का बदलले नाही, याचे उत्तर माझ्या गुडघ्यांपाशी होते. दोन ओळंबे मला तेच सांगत होते आणि मी त्यांची चौकशी करत बसलो होतो.

"म्हणजे मी खरं बोलत होते?" बहिणीचे डोळे चमकले.

"झुकलेत, एवढं खरं. बहिऱ्या नवऱ्याचा पुरावा अजून आलेला नाही."

गवंडी त्या बैठकीकडे टक लावून पाहत होता. त्याने अंगठा छिन्नीच्या घावांवरून हळू फिरवला. "पोरगा नव्हता हा," तो पुटपुटला. "इतका सफाईदार उतार मला जमेल की नाही, शंका आहे."

"मग आता बसवा ती शिळा परत तिच्या बैठकीवर," बहीण म्हणाली.

"नाही जमायचं, बाई. वाकडं बसवायला घेतलं की माझा हातच थांबतो. खोटं नाही सांगत."

"वाकडं कुठे बसवायचंय? त्याने बैठक करून ठेवली आहे. तुम्ही फक्त तिला बसू द्या. घरी आलेल्या पाहुण्याला खुर्ची दाखवतो, तितकंच."

गवंड्याने पुन्हा एकदा त्या बैठकीवरून अंगठा फिरवला. मग त्याने ओळंबा गुंडाळून खिशात घातला, खिशाला गुंडी लावली, आणि मेव्हण्याला खूण केली. शिळा इंच इंच खाली आली, बैठकीत शिरली आणि जडसा खट् असा आवाज करून आपोआप कलली. कोणाला तिला ढकलावे लागले नाही. पण तोवर उजेड सरला होता. तिपाई हलवून दुसरी शिळा उचलण्याचे काम सकाळवर गेले.

सकाळी आम्ही लवकर पोहोचलो. समितीच्या बाई आमच्याही आधी पोहोचल्या होत्या.

वयाने आमच्या मुलीएवढ्या, पायांत मजबूत बूट, कमरेला मोजपट्टी. मोजपट्टी पाहून मला त्यांच्याविषयी तत्काळ आदर वाटला आणि पाठोपाठ भीतीही. त्यांनी अर्जाचे पहिले पान समोर धरले होते. एकदा पानाकडे, एकदा शिळांकडे, पुन्हा पानाकडे.

"फोटोत दोघं बोलतायत," त्या म्हणाल्या. "इथे एक जण रुसलंय."

गवंडी माझ्या कानाशी लागला. "साहेब, वादळ झालं म्हणून सांगा."

"एकाच दगडापुरतं?" मी कुजबुजलो.

बहीण पुढे झाली. शाळेत मुख्याध्यापकांसमोर उभी राहायची तशी. "काल दोन्ही शिळा चुकून सरळ केल्या गेल्या. एक आम्ही परत बसवली, दुसरी आत्ता बसवणार होतो."

"कोणी केल्या?"

"मी," गवंड्याने टोपी काढली. "नको सांगितलं होतं, तरी."

"देखरेख माझी होती आणि मी जागेवर नव्हतो," मी म्हणालो.

"आणि अर्ज माझा आहे," बहीण म्हणाली.

"म्हणजे तिघांनी मिळून," बाई म्हणाल्या.

"चौघांनी," मेव्हण्याने हात वर केला. "साखळी मी ओढली."

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले, पण आवाज कोरडाच राहिला. "अट मोडली की अर्ज बाद होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," बहीण म्हणाली. तिचा हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता. "बाद करायचा तर करा. पण त्याआधी एकदा खाली बसून बघा. मी इतकी वर्षं यांच्या माथ्याकडे बघून गोष्टी सांगितल्या. पायाशी बघायचं मला सुचलंच नव्हतं."

बाईंनी कमरेची मोजपट्टी काढली. मग मान हलवून म्हणाल्या, "उचला."

साखळी करकरली, दुसरी शिळा वर गेली, गवंड्याने झटपट चिपा काढल्या आणि दगड पुसून दिला. बाई मातीत पालथ्या झाल्या म्हटले तरी चालेल. त्यांनी माझी पाणसळ मागून घेतली, पाया तपासला. बैठकीचा उतार मोजला, मग पलीकडच्या कललेल्या शिळेच्या बुडाशी जाऊन तिचा कल मोजला. दोन्ही आकडे एक आले, तेव्हा त्या टाचांवर बसून राहिल्या. कपाळाला चुना लागला होता.

"तुमच्या प्रमाणपत्रात कारण दिलंय, पाया खचणे," त्या मला म्हणाल्या.

"ते चुकलं आहे. दुरुस्त करून देतो."

"कललेल्या शिळा मी शेकड्यांनी बघितल्या. प्रत्येक ठिकाणी लोक मला प्रेमकथा सांगतात आणि प्रत्येक ठिकाणी खाली उंदराचं बीळ किंवा झाडाचं मूळ निघतं." त्यांनी बैठकीवर बोट टेकले. "कलती घडवलेली मी आज पहिल्यांदा बघतेय." मग बहिणीकडे वळून विचारले, "नवराबायको होते का हे?"

बहिणीने तोंड उघडले. बहिरा नवरा तिच्या जिभेवर आलाच होता, मी पाहिला. तिने तो गिळला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "ती गोष्ट माझी रचलेली. बहिणी असतील, मित्र असतील, भांडून समेट झालेले शेजारी असतील. पण यांना असं ठेवायला कोणाला तरी सांगितलं गेलं, आणि त्यानं ते मन लावून केलं. एवढंच मी शपथेवर सांगेन."

"पुरेसं आहे," बाई म्हणाल्या आणि उठून हात झटकले. "ठेवा खाली. मला बघायचंय."

शिळा उतरू लागली.  ती बैठकीत शिरली, कलली, आणि दोन्ही माथे एकमेकांना टेकले. आवाज अगदी हलका झाला. कपाटाचे दार कोणी सांभाळून लावावे इतकाच. बहिणीने नाक पुसले. बाईंनी फोटोचे पान पुन्हा समोर धरले आणि मान डोलावली.

एवढ्यात गवंड्याचा हात खिशाकडे गेला. आम्ही चौघेही एकदम ओरडलो, "नको!"

"अहो, हात नाही लावत. नुसतं बघतो." त्याने गुंडी काढली, ओळंबा सोडला, आणि जिथे दोन माथे मिळाले होते त्या सांध्यावर दोरी धरली. वजन हेलकावे घेत घेत थांबले. खाली, दोन पायांच्या बरोबर मध्यावर. गवंड्याने बोटांनी दोन्हीकडचे अंतर मापले, पुन्हा मापले, आणि त्याच्या चेहऱ्यावर कालचा उजेड परत आला.

"साहेब! एकेक धरलं तर वाकडी आहेत. पण दोघांना मिळून धरलं तर ओळंब्यात आहेत. पक्की ओळंब्यात!"

"झालं समाधान?" मेव्हणा म्हणाला.

"आता झोप लागेल."

बाई मोठ्याने हसल्या. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी आपला शेरा लिहिला आणि बहिणीला वाचून दाखवला: मागच्या भागासह संपूर्ण दफनभूमी यादीत घ्यावी, अशी शिफारस. खाली एक नवी अटही होती. यापुढे गवंड्याला शिळांजवळ एकटे सोडू नये.

"मान्य," गवंडी म्हणाला.

यादी जाहीर झाली त्या रविवारी फेरीला नेहमीपेक्षा जास्त लोक होते. गवंडी आणि मेव्हणा अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आले होते. बहिणीने घड्याळजी दाखवला, दंतवैद्य दाखवला आणि शेवटी सगळ्यांना मागच्या भिंतीपाशी नेले. आम्ही तिघे कान टवकारून उभे. तिने बहिऱ्या नवऱ्याचे नाव काढले नाही. यांची नावे कोणालाच माहीत नाहीत, असे सांगून तिने लोकांना खाली वाकायला लावले आणि पायाशी दिसणारा उतार दाखवला. मग म्हणाली, "आणि हे घडवणारा गवंडी. तो बायकोशी भांडून कामावर आला असणार. नाहीतर इतक्या मायेनं वाकडं कोण घडवेल?"

लोकांनी उसासा सोडला. माझ्या शेजारी गवंड्यानेही सोडला.

"पुरावा काय?" मी फेरी संपल्यावर विचारले.

"तू शोध की, दादा. तुझं काम आहे ते."

घरी येऊन मी प्रमाणपत्राची दुरुस्त प्रत लिहायला बसलो. कलण्याचे कारण, या शब्दांपुढे पाया खचणे हे खोडले. योग्य तांत्रिक शब्द बराच वेळ सुचेना. बाहेर गवंडी चहाला आला होता, भिंतीवरचे घड्याळ सरळ केल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बायकोचा: "भावजी, आता साखर तेवढी शोधून द्या." मी खोडलेल्या जागी लिहिले: मुद्दाम. आणि खाली सही केली.